उसातली सळसळ आणि छतावरची ओल

सांगलीच्या गावभागातून एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘मी ४६ वर्षांची असून शाळेत मराठी शिकवते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयातून आणून, घरच्यांच्या नकळत पांघरुणात बॅटरी लावून वाचत मी मोठी झाले. माझा १९ वर्षांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तो रात्री उशिरापर्यंत कानात हेडफोन घालून मोबाइलवर भयपट पाहतो. सासरे ७४ वर्षांचे आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत त्यांनी आयुष्याची तीस वर्षे घातली असल्यामुळे, भूत दाखवणारा प्रत्येक चित्रपट म्हणजे अंधश्रद्धेची फुकट जाहिरात, असे त्यांचे ठाम मत आहे. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, आणि तेव्हापासून आम्ही तिघांनी एकत्र बसून काही पाहिलेलेच नाही. या पावसाळ्यात दर शनिवारी एक चांगला चित्रपट लावावा, असे मनात आहे. मानसशास्त्रीय भयपट आणि अतींद्रिय भयपट यांत नेमका फरक काय, आणि आम्हा तिघांनाही चालतील असे कोणते चित्रपट सुचवाल? मुलगा अलीकडे दिवा लावून झोपतो, ते या चित्रपटांमुळेच असावे. मोबाइल कमी कर, असे मी त्याला सांगतच असते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर एका वाक्यात देता येते. भीतीचे मूळ माणसाच्या मनात असेल तर तो मानसशास्त्रीय भयपट, आणि ते मनाबाहेर, म्हणजे एखाद्या वाड्यात, विहिरीत किंवा मेलेल्या माणसाच्या अपुऱ्या इच्छेत असेल तर तो अतींद्रिय. परंतु ही वाटणी फडताळातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांइतकीच उपयोगाची आहे, कारण चिठ्ठीवर रवा लिहिलेल्या डब्यात साखर निघते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. कित्येक वर्षे हे चित्रपट आवडीने पाहिल्यावर मी स्वतःपुरती एक निराळी कसोटी धरली आहे. या गोष्टीतल्या कोणाचे म्हणणे घरचे लोक ऐकून घेत नाहीत, हे मी आधी पाहतो. चांगल्या भयपटात कोणीतरी, बहुधा घरातली बाईच, आपल्याला काहीतरी दिसल्याचे सांगते, आणि बाकीचे तिला पाणी प्यायला देतात, झोपायला सांगतात, डॉक्टरकडे नेतात किंवा मांत्रिकाला बोलावतात. तिला दिसले ते खरे होते की भास होता, याचा निकाल दिग्दर्शक जितका लांबवतो तितकी भीती मुरत जाते, आणि काही थोर दिग्दर्शक तर तो निकाल देतच नाहीत.

तुमचा मुलगा हेडफोन लावून जे पाहतो, त्यातले बरेचसे याहून निराळ्या, नुसते दचकवणाऱ्या जातीचे असणार, असा माझा अंदाज आहे. ती जात सांगलीला नवी नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तुमच्याच गावात ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि त्या वळणाच्या पौराणिक नाटकांमध्ये राक्षस रंगमंचावर आला की राळेचा भपका, डरकाळ्या आणि थयथयाट असा थाट असे. पुढच्या पिढ्यांनी त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असे नावच ठेवले. आजच्या पुष्कळ भयपटांत दहा सेकंद शांतता ठेवून एकदम कानात किंकाळी फोडतात, तो हाच प्रकार आहे. डोळ्यावर फुंकर मारली की पापणी मिटते, तसे त्यात शरीर दचकते. मला त्याचा तिटकारा नाही, कारण राळेच्या भपक्यातही एक मजा असते. पण असा चित्रपट संपल्यावर तिघांनी बोलावे असे काही मागे उरत नाही, आणि तुम्हाला तर बोलण्यासाठीच चित्रपट हवा आहे, असे तुमचे पत्र वाचून मला वाटले.

आता सासऱ्यांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे घर शेजारच्या साताऱ्यात होते आणि ज्या सांगली-मिरजेत त्यांचे शिक्षण झाले, त्या भागात ज्यांनी तीस वर्षे हे काम केले आहे, त्यांनी भुताच्या नावाखाली झालेली मारहाण डोळ्यांनी पाहिलेली असणार. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्याला बांधून ठेवणे, मारणे किंवा चटके देणे हा गुन्हा ठरवला आहे. म्हणून भूत दाखवले की नाही, यापेक्षा त्या चित्रपटात शेवटी कोण जिंकते आणि कोणत्या उपायाने जिंकते, असा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवीन. राम गोपाल वर्मांच्या ‘भूत’ (२००३) या चित्रपटात ऊर्मिला मातोंडकरांनी झपाटलेल्या पत्नीचे काम जीव तोडून केले आहे, मुंबईच्या उंच इमारतीतली लिफ्ट आणि रिकामा जिना यांतून भीती उभी करण्याचे कसबही पाहण्यासारखे आहे, परंतु त्यात मानसोपचारतज्ज्ञ हतबल होतो आणि मांत्रिक बाईचे म्हणणे खरे ठरते. सासरे त्या क्षणी उठून आतल्या खोलीत जातील आणि त्यांचे चुकले, असे मला म्हणता येणार नाही.

याउलट फाजिल यांचा मल्याळम चित्रपट ‘मणिचित्रताळ’ (१९९३) हा तुमच्या पहिल्या शनिवारसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. याच गोष्टीवरून प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये हिंदीत ‘भूलभुलैया’ केला आणि तो तुम्ही पाहिलेला असण्याचा संभव आहे, तरीही मूळ चित्रपट पाहा, कारण शोभना यांनी त्यात जे काम केले आहे त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. जुना तरवाड म्हणजे केरळातला वडिलोपार्जित वाडा, कुलूप घातलेली खोली, पूर्वी तिथे मारली गेलेली नर्तकी आणि नव्याने त्या घरात राहायला आलेले एक जोडपे, अशी सगळी सामग्री भुताच्या गोष्टीची आहे, पण उलगडा करायला येतो तो मोहनलाल यांनी रंगवलेला मानसोपचारतज्ज्ञ. तो उपचारासाठी एका तांत्रिकाची मदत घेतो, आणि इथे तुमच्या घरात वाद पेटेल, याची मला खात्री आहे. रोग्याच्या श्रद्धेचा उपचारासाठी उपयोग करून घेणे डॉक्टरला शोभते का, हा प्रश्न सासऱ्यांसारख्या कार्यकर्त्याने प्रत्यक्षात हाताळलेला असतो. अंगात येणाऱ्या बायकांशी ते बोलले असतील, एरवी घरात ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांचे म्हणणे अंगात आल्यावर सगळे हात जोडून ऐकतात, हे त्यांनी पाहिले असेल. चित्रपट संपल्यावर त्यांना मत विचारू नका. मत तुम्हाला माहीतच आहे. अशी एखादी बाई आठवते का, एवढेच विचारा.

दुसऱ्या शनिवारी विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) लावा. मराठीत भुताचा चित्रपट म्हटला की तात्या विंचूच डोळ्यांसमोर येतो, आणि तात्या विंचूवर माझेही प्रेम आहे, परंतु हसवण्याचा आधार न घेता सरळ भीतीला हात घालणारे मराठी चित्रपट फार थोडे आहेत आणि त्यांत हा वरचा आहे. दिवस भरत आलेली नेहा आणि तिचा नवरा शहरातून पळून उसाच्या शेतात दडलेल्या एका घरात आसऱ्याला येतात, तिला तिथे मुले दिसू लागतात, आणि ती दिसतात हे कोणालाच पटत नाही. पूजा सावंत यांच्याइतकेच उषा नाईक यांचे काम लक्ष देऊन पाहा.

ऊस पाहून घाबरणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कदाचित समजावून सांगावे लागेल. मी वाळवा तालुक्यातला आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असे, तेव्हा वडिलांबरोबर दारे धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जावे लागे. दहा-अकरा महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, बॅटरीचा उजेड दोन सऱ्यांपलीकडे पोहोचत नाही, आणि वारा अजिबात नसताना वाळलेला पाला कुठेतरी आत, एकाच ठिकाणी वाजतो. पाण्याने उंदीर बाहेर पडला असेल, कोल्हा असेल, हे कळत असते आणि तरी मान वळवण्याचे धाडस होत नाही. त्यात भूत नसते, पण आपण ज्याच्या आत उभे आहोत ते आपल्याला दिसत नाही आणि त्याला मात्र आपण दिसत आहोत, ही जाणीव असते. ‘लपाछपी’ने उसाचा असा उपयोग केला आहे, आणि एकदा आत शिरल्यावर वाट फिरून त्याच जागी येते, हे आपल्याकडच्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

या चित्रपटाचा विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे, एवढे आधीच सांगितल्याने त्यातली गंमत जात नाही. तो जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तुमच्यापासून काही किलोमीटरवरच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. सासऱ्यांना हे आठवतच असेल. उसात दिसणारी ती मुले खोटी आहेत, असे म्हणताना त्यांचीही जीभ अडखळेल.

यानंतर उसाकडून लव्हाळ्याकडे चला. जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसंट्स’ (१९६१) हा कृष्णधवल इंग्रजी चित्रपट हेन्री जेम्स यांच्या १८९८ मधल्या लघुकादंबरीवर आधारलेला आहे. दोन अनाथ मुलांना सांभाळायला एका मोठ्या बंगल्यात आलेली शिक्षिका, आणि त्या घरात पूर्वी नोकरीला असलेली दोन मेलेली माणसे, एवढीच मांडणी आहे. सुरुवातीला पडदा बराच वेळ पूर्ण काळा राहतो आणि एका मुलीच्या आवाजात गाणे ऐकू येते. टीव्ही बिघडला असे समजून कोणी रिमोटकडे हात नेऊ नये. त्यातले एक दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातल्या सावल्यांची जागाही मला पाठ आहे. लख्ख दिवस आहे, तळ्याकाठी लहान मुलगी गुणगुणत आहे, आणि पलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली एक बाई उभी आहे. ती हलत नाही, ओरडत नाही, जवळ येत नाही. ती फक्त लांब उभी आहे. मुलाला हे दृश्य विशेष सांगून दाखवा, कारण कानात किंकाळी न फोडताही अंगावर काटा आणता येतो, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. ती बाई खरोखर तिथे आहे की शिक्षिकेच्या मनात आहे, यावर गेली साठ वर्षे वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना चित्रपटातूनच पुरावे मिळतात. त्यामुळे तुम्ही आणि सासरे समोरासमोर बसून मनसोक्त भांडू शकाल. हा आवडला तर रॉबर्ट वाइज यांचा ‘द हॉन्टिंग’ (१९६३) पाहा, त्यात भूत म्हणून काहीच दाखवलेले नाही, फक्त दारावरच्या थापा आहेत आणि आतल्या बाजूला फुगणारे एक दार आहे. गंमत अशी की हेच दिग्दर्शक दोन वर्षांनी ‘साउंड ऑफ म्युझिक’ घेऊन आले.

जपानी चित्रपटांत हिदेओ नाकाता यांचा ‘डार्क वॉटर’ (२००२) हा गावभागातल्या घरात पाहण्याचा आहे, असे मी मुद्दाम म्हणतो. घटस्फोट होत असलेली एक आई लहान मुलीला घेऊन एका जुनाट इमारतीत राहायला येते, आणि छतावर ओलीचा एक डाग दिसतो. तो वाढतो, ठिबकतो, ती तक्रार करते आणि कोणी दाद देत नाही. मुलीचा ताबा कोणाला मिळावा याचा वाद चालू असल्यामुळे, पूर्वी तिने मानसोपचार घेतले होते ही गोष्ट तिच्याविरुद्ध वापरली जाते, म्हणजे डाग दिसतो असे सांगणेही तिला परवडणारे नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर तुमच्या भागातल्या किती घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली, आणि रंगाचे दोन हात मारल्यावरही ती पुढच्या पावसाळ्यात कशी वर आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. कृष्णामाई घरात येऊन गेली की भिंत ते विसरत नाही. हा चित्रपट पाहताना माझे लक्ष भुतापेक्षा त्या डागाकडेच अधिक होते.

धारपांच्या वाचक म्हणून तुम्ही ‘तुंबाड’ (२०१८) पाहिला नसेल असे संभवत नाही, तरी घरात पुन्हा लावा. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आहे आणि गोष्टीची ठिणगी धारपांच्या कथेची आहे. साखळदंडाने बांधलेली म्हातारी, कणकेच्या बाहुल्या आणि कधीही न थांबणारा पाऊस यांच्या मुळाशी शेवटी हाव आहे. सासऱ्यांसाठी एक मुद्दा राखून ठेवा. हस्तर हा देव कोणत्याही पुराणातला नाही, तो चित्रपटकर्त्यांनी घडवलेला आहे, त्यामुळे त्याला नवस बोलायला कोणी जाणार नाही, आणि गेलाच तर त्याचे काय होते हे चित्रपटाने पुरेसे स्पष्ट दाखवले आहे.

मुलाच्या आवडीसाठी मध्येच राम गोपाल वर्मांचा ‘कौन’ (१९९९) घाला. एक घर, बाहेर धो धो पाऊस, तीन नट, एकही गाणे नाही आणि दीड तासात काम संपते. भूत नाही, म्हणून सासरेही खूश.

आता न सुचवलेल्या चित्रपटांविषयी. भयपटांच्या कोणत्याही यादीत तुम्हाला ‘हेरेडिटरी’ (२०१८) आणि ‘द बाबाडूक’ (२०१४) ही नावे वर दिसतील, मुलाने ते पाहिलेही असतील, आणि दोन्ही चित्रपट उत्तम आहेत. परंतु पहिल्याची सुरुवात घरातल्या मृत्यूने होते आणि दुसऱ्यात नवरा अपघातात गेलेली आई व तिचा मुलगा अशी दोघेच घरात आहेत. हे दोन चित्रपट या पावसाळ्यात तिघांनी मिळून पाहू नयेत, असे मला वाटते. राहुल सदाशिवन यांचा मल्याळम ‘भूतकालम’ (२०२२) मी मनापासून शिफारस करण्यासारखा चित्रपट आहे, पण तो तुम्ही आधी एकट्याने, शक्यतो दुपारी पाहावा. त्यातली विधवा आईही शिक्षिका आहे, नैराश्याने ग्रासलेली आहे, आणि रेवती यांनी ती इतकी खरी केली आहे की मला दोनदा थांबवून चहा करून घ्यावा लागला. मुलाला घरात काहीतरी जाणवते, आईला वाटते की तो नशेत आहे. आईलाही काहीतरी जाणवते, मुलाला वाटते की तिचा आजार बळावला आहे. एकाच छपराखाली दोघे एकाच गोष्टीला भीत असतात आणि दोघेही ते एकमेकांना सांगत नाहीत.

या चित्रपटाचा उल्लेख करण्याचे एक कारण तुमच्या पत्राचे शेवटचे वाक्य आहे. मुलगा दिवा लावून झोपतो ते चित्रपटांमुळे, हे तुमचे अनुमान बरोबर असू शकेल. पण दिवा आधी लागू लागला की चित्रपट आधी सुरू झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ज्या घरात दोन वर्षांपूर्वी वडील गेले तिथे एकोणीस वर्षांचा मुलगा झोप येईपर्यंत डोळ्यांसमोर काहीतरी ठेवण्यासाठी मोबाइल पाहत असेल, ही शक्यताही तितकीच खरी आहे. म्हणून ‘मोबाइल कमी कर’ हे वाक्य महिनाभर बाजूला ठेवून, रात्री नेमके काय होते, हे त्याला एकदा विचारा आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. झोप न लागणे, कॉलेजमध्ये लक्ष न लागणे असे काही आठवडे चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. सरकारच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे, त्यावर मराठीत बोलता येते. सासरे या सल्ल्याला नक्की पाठिंबा देतील, त्यांनी हे वाक्य लोकांना शेकडो वेळा सांगितलेले असणार.

राहिली व्यवस्था. चित्रपट टीव्हीवर लावा, मोबाइल तिघांचेही स्वयंपाकघरात ठेवा, आणि जेवणे आठपर्यंत उरकून घ्या म्हणजे अकराच्या आत झोपायला जाता येईल, मात्र ‘मणिचित्रताळ’ लांब आहे, त्या दिवशी सातलाच सुरू करा. खोलीत पूर्ण अंधार करण्याची गरज नाही, एक मंद दिवा राहू द्या. परभाषिक चित्रपटांची उपशीर्षके बहुधा इंग्रजीत मिळतील आणि ती भराभर सरकतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या डोळ्यांना ती झेपणार नाहीत. ते काम मुलाकडे द्या. त्याने आजोबांच्या शेजारी बसून प्रत्येक संवाद मराठीत सांगत जावा. पहिल्या शनिवारी तो कंटाळेल, दुसऱ्या दिवशी तक्रारही करेल, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आजोबा पडद्याकडे पाहतच त्याच्या मराठीच्या चुका काढू लागतील.